समासात न लिहिलेलं वाक्य

मागच्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तू माझ्या मागच्या भिंतीवरच्या सन्मानपत्राचा फोटो मागितलास. तुला कंपनीने निरंतर सुधारणेच्या विभागात घेतलं आहे. तू तिथे सांगितलंस की माझी आजी नागपूरला हेच काम करायची, तिला बक्षीसही मिळालं होतं. तुझ्या सहकाऱ्यांना फार कौतुक वाटलं म्हणे. मी पाठवते म्हटलं आणि पाठवला नाही. तू दोनदा आठवण करून दिलीस. कारण फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत मी फार नीटनेटकं लिहिते, आणि या गोष्टीतलं नुकसान त्या नीटनेटकेपणानेच झालं. तुझा भाऊ मराठी हळू वाचतो. त्याला वेळ लागू दे.

दर दिवाळीला मी तुम्हाला पाठवायचे त्या खोक्यात तिखटाचं जे लाल पाकीट असायचं, ते त्या कंपनीचं. कळमन्याच्या बाजाराच्या पुढे, मोकळ्या रानात तिची इमारत होती. आयुष्यभर प्रयोगशाळांत काम करून शेवटची आठ वर्षं मी तिथे गुणवत्ता विभागाची प्रमुख होते. मिरची आली की ओलावा तपासायचा, दळली की रंग आणि तिखटपणा तपासायचा, आणि पास किंवा नापास लिहून सही करायची. माझ्या टेबलावर चार पेन्सिली असायच्या, चारही टोक केलेल्या. हाताखालच्या मुली हसायच्या. मला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

दळणाच्या आधी मिरचीचे देठ खुडावे लागतात. जिथे हे काम चालतं त्या जागेला आमच्याकडे सातरा म्हणतात. कंपनीचा सातरा म्हणजे पत्र्याची लांब शेड. तिथे बारा बाया जमिनीवर पोतं पसरून बसायच्या, समोर मिरचीचा ढीग. कामाला बसण्याआधी हाताला जवसाचं तेल चोळायच्या, नाहीतर संध्याकाळी बोटं पेटल्यासारखी होतात. मी आत शिरले की मला ठसका लागायचा आणि एखादी म्हणायची, "म्याडम आल्या, देठ लपवा वं." पोत्यात देठ किती राहिले हे मी मोजायची, त्याचा हा टोमणा.

या बाया कंपनीच्या नव्हत्या, ठेकेदाराच्या होत्या. रोज सकाळी आठ वाजता त्या गेटबाहेर ओळीने उभ्या राहायच्या. मुकादम यायचा, बोटाने मोजायचा आणि त्या दिवशी लागतील तेवढ्या आत घ्यायचा. उरलेल्या परत जायच्या. आत घेतलेल्यांचे हजेरीवर अंगठे उमटवून घ्यायचा. मी रोज गाडीतून गेटमध्ये शिरताना ते निळे अंगठे पाहायची. त्यावरून मी एक गोष्ट गृहीत धरली होती. ती पुढे येईल.

त्या बारा जणींत एक भिवापूरकडची होती. पन्नाशी उलटलेली, उंच, कमी बोलणारी. तिच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मिरची. माझं यंत्र वीस मिनिटांत ओलावा सांगायचं, ती मूठभर मिरची कानाशी खुळखुळवून सांगायची. सुरुवातीला मी तिचे अंदाज गंमत म्हणून वहीत टिपले, यंत्राच्या आकड्याशेजारी. दोन महिन्यांनी टिपणं थांबवलं. यंत्राला कमीपणा यायला लागला होता.

मग पुण्याहून नवे व्यवस्थापक आले. तरुण, हुशार, गोड बोलणारे. त्यांनी भिंतीवर एक मोठा फलक लावला. प्रत्येक विभागापुढे गोल, काम ठीक असेल तर हिरवा, नसेल तर लाल. काइझेन, म्हणजे निरंतर सुधारणा, हा जपानी शब्द आमच्याकडे त्यांनीच आणला. सुधारणा वरून होत नाही, हाताने काम करणाऱ्याकडून येते, असं ते प्रत्येक बैठकीत सांगायचे, आणि ते खरंही आहे. मी मनापासून मान डोलवायची. प्रत्येक विभागाने महिन्याला अमुक इतक्या सूचना दिल्याच पाहिजेत असा नियम झाला. सूचनेचा छापील अर्ज मुख्य कार्यालयातून आला होता, इंग्रजीत. सातऱ्यातल्या बायांनी सांगायचं आणि मी लिहायचं असं ठरलं. कारखान्यात माझं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं.

एका बैठकीत व्यवस्थापकांनी जाहीर केलं की ठेक्यावरच्या माणसांपैकी ज्याची सूचना वर्षात सर्वांत उपयोगी ठरेल, त्याला कंपनी कायम करून घेईल. सातऱ्यात त्या दिवशी नुसता हशा झाला. कायम व्हाले का लागते, हळदीचा टिळा का, असं एकीने विचारलं. भिवापूरची हसली नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या दारात आली. हात तेलकट होते म्हणून दाराला न टेकता उभी राहिली.

"मले कायम व्हाचं हाये म्याडम," ती म्हणाली. "पैशापाई नाही. मले त्या गेटवर उभं नाही राहाचं. तो बोट दाखवून मोजते नं, जनावरं मोजल्यावानी, ते नाही पाहिजे आता."

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. उभ्यानेच तिने सूचना सांगितली.

बाजारातून पोतं येतं ते दमट असतं. कुणी वजनापायी पाणी मारलेलं असतं, कुणी मिरची फुटू नये म्हणून. दमट मिरचीचा देठ तुटत नाही, ओढावा लागतो, देठाखालची टोपी फाटते, बी सांडतं. मागच्या ओट्यावर दिवसभर ऊन असतं आणि ओटा रिकामा असतो. पोतं आलं की तिथे अर्धा दिवस पसरायचं, एकदा फिरवायचं. मग देठ बोटाच्या टिचकीने निघतो. बारा बायांचं काम आठ बाया करतील. उरलेल्या चौघींनी त्याच ओट्यावर बसून डागी मिरची वेचायची. उन्हात पसरली की आतून बुरशी धरलेली मिरची वरून फिकट दिसते, ढिगात ती दिसतच नाही. आजवर ती वेचायला कुणाला सवडच नव्हती, सगळी दळणात जात होती. "देठाचं सोडा म्याडम," ती म्हणाली, "देठ पोटात गेला तं मरत नाही कोणी. डागी मिरची वेचणं, हे खरं काम हाये."

तुझ्या विभागात गुणवत्तेवर जाड जाड पुस्तकं असतील. आठ वर्षांत त्या कारखान्यात ऐकलेलं सर्वांत शहाणं बोलणं हे होतं, आणि ते ऐकतानाच मला कळलं होतं. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तू म्हणशील की आजीच्या लक्षात आलं नसेल.

संध्याकाळी मी अर्ज भरायला बसले. अर्जात पाच रकाने होते. सध्याची पद्धत. सुचवलेला बदल. वाचणारा वेळ. वाचणारा माल. आणि शेवटचा, वाचणारी माणसं. मी ओट्याचं लिहिलं, उन्हाचं लिहिलं, टोपी फाटून सांडणाऱ्या बियांचं लिहिलं. शेवटच्या रकान्यात काय लिहायचं? कॉन्व्हेंटच्या शाळेत आमच्या सिस्टर रिकाम्या रकान्याला गुण कापायच्या. रिकामा रकाना म्हणजे आळस, असं त्या म्हणायच्या. मी रकाना रिकामा ठेवलेला आयुष्यात आठवत नाही. मी लिहिलं: चार.

त्या चौघींनी डागी मिरची वेचायची, हे लिहायला अर्जात जागा नव्हती. वाचलेली माणसं कुठे लावायची, असा रकाना मुख्य कार्यालयातल्या कुणी आखलेलाच नव्हता. डावीकडे दोन बोटं रुंद कोरा समास होता. तिचं ते वाक्य तिथे सहज मावलं असतं. माझ्या मनात आलंही होतं. पण समासात लिहायचं नाही, ही सिस्टरांची दुसरी शिकवण. मी अर्ज पुन्हा वाचला. फार देखणा दिसत होता. सूचना देणाऱ्याच्या जागी तिचं नाव लिहिलं, शाईची डबी घेऊन सातऱ्यात गेले आणि तिचा अंगठा घेतला. तिने अर्जाकडे बराच वेळ पाहिलं. इंग्रजी आहे, मी वाचून दाखवते, असं मी म्हटलं आणि मराठीत सांगितलं. सांगताना डागी मिरचीचंही सांगितलं, कारण ते मनात होतं. कागदावर नव्हतं.

आठ दिवसांत ओट्यावर मिरची पसरू लागली. महिन्याभरात देठाचा गोल लालचा हिरवा झाला. व्यवस्थापक मला भेटायला प्रयोगशाळेत स्वतः आले. आणि पुढच्या सोमवारी सकाळी मुकादमाने गेटवर आठ बायांपर्यंत मोजलं आणि तो थांबला.

चौघी बाहेर राहिल्या. ठेकेदाराने वयाने मोठ्या त्या चार काढल्या होत्या. भिवापूरची त्यांत होती.

मी गाडीतूनच ते पाहिलं. आत गेल्यावर सरळ व्यवस्थापकांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की काहीतरी चूक झाली आहे, त्या चौघी वेचणीसाठी होत्या, सूचनेचा तो अर्धा भाग आहे. त्यांनी शांतपणे फाइल काढली, अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, हे तुमच्याच अक्षरात आहे."

वेचणीचं कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लिहायचं राहिलं. मग नवीन अर्ज भरा, पुढच्या महिन्यात विचार करू, ते म्हणाले. पण डागी मिरची हा प्रश्न आहे असं तुमचे अहवाल म्हणत नाहीत, सगळे पास आहेत आणि सही तुमची आहे. तेही खरं होतं. बुरशी ठरलेल्या मर्यादेत येत होती. मर्यादेत येणं आणि नसणं यांतला फरक त्या बाईला कळत होता, मलाही कळत होता. फलकाला कळत नव्हता. तिला कायम करण्याचं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ती आता ठेकेदाराकडेच नाही, तर कायम कुणाला करणार?

मी नवीन अर्ज भरला. तो परत आला नाही. मी पुन्हा विचारलं नाही. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं आणि त्या वर्षी बाहेरून तपासणी व्हायची होती. ही कारणं मी तेव्हा स्वतःला देत होते. आता लिहून पाहिली तर दोन ओळींचीसुद्धा होत नाहीत.

त्याच आठवड्यात ती गेटवर माझी वाट पाहत थांबली होती. गाडी थांबवली. ती रागावली असेल असं वाटलं होतं. तिने फक्त एक कागद मागितला: इतकी वर्षं मिरचीचं काम केलं, काम चोख आहे, असं कंपनीच्या कागदावर लिहून द्या, म्हणजे दुसऱ्या कारखान्यात दाखवता येईल, तिथे कदाचित कायम घेतील. मी म्हटलं, ठेक्यावरच्या माणसाला कंपनीचं पत्र देता येत नाही, नियमात बसत नाही. मागे दुसरी गाडी हॉर्न वाजवत होती. "बरं," एवढंच ती म्हणाली आणि बाजूला झाली.

हिवाळ्यात शहरात सुधारणांची स्पर्धा झाली. मोठं सभागृह, बरेच कारखाने. आमच्या ओट्याची सूचना पडद्यावर दाखवली, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. आधीच्या फोटोत बारा जणी होत्या आणि ती डावीकडून तिसरी होती. नंतरच्यात आठ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे बक्षीस विभागाच्या नावावर होतं, म्हणून मंचावर मी गेले. मोरपंखी रेशमी साडी नेसले होते. त्याच साडीतला फोटो तुमच्या आईने मढवून घेतला आहे. सन्मानपत्रावर विभागप्रमुख म्हणून माझं नाव सोनेरी अक्षरात आहे, तिचं कुठेही नाही. मी ते घरी आणलं आणि भिंतीवर लावलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

निवृत्त होईपर्यंत मी सह्या करत राहिले. आठ जणी वेगाने देठ खुडत होत्या, डागी मिरची पूर्वीसारखीच दळणात जात होती, तिखटाचा रंग दर महिन्याला किंचित मातकट येत होता आणि किंचितला फलकावर गोल नव्हता. शेवटच्या दिवशी सगळे गोल हिरवे होते. तुमच्या खोक्यातलं पाकीट मी त्या वर्षीपासून बंद केलं. तुमच्या आईला सांगितलं की तिकडे टपालाने तिखट पाठवू देत नाहीत.

निवृत्तीनंतर एक दिवस मी साध्या कागदावर ते पत्र लिहिलं. मराठीत. ही बाई अकरा वर्षं आमच्या कारखान्यात मिरचीचं काम करत होती, मिरचीची पारख हिच्याइतकी मी कुणात पाहिली नाही, ओट्यावरची सुधारणा हिची आहे. खाली माझं नाव, पद, सही. ती कळमन्याजवळच्या एका व्यापाऱ्याच्या सातऱ्यावर जाते असं सातऱ्यातल्याच एकीकडून कळलं होतं. सकाळी आठच्या आधी गेले. शेडच्या फाटकाबाहेर दहा-अकरा बाया ओळीत उभ्या होत्या. ती मधे कुठेतरी होती. केस बरेच पांढरे झाले होते.

मी रस्त्याच्या कडेला थांबले आणि हाताने बोलावलं. ती ओळ सोडून माझ्याकडे आली. तब्येत कशी आहे, नातवंडं कुठे आहेत, हे तिनेच आधी विचारलं. मी पत्र पुढे केलं आणि वाचून दाखवते म्हटलं.

तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, डोळ्यांपासून थोडं लांब धरलं आणि वाचू लागली. ओठ न हलवता. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर म्हणाली, "अकरा नाही. बारा."

तुला वाचता येतं, असं माझ्या तोंडून निघालं.

"सातवी झालं माह्यं. लिहाले बी येते."

"पण तू तर अंगठा..."

"अंगठा लवकर होते म्हणून मुकादम अंगठा घ्याचा. सही कराले येळ जाते म्हणे." मग सहज, काहीच आरोप नसल्यासारखं ती म्हणाली, "तो कागद मीच लिहिला असता म्याडम, आपल्या भाषेत. सगळा लिहिला असता. तुम्ही इचारलंच नाही."

मी पिशवीतून पेन काढलं. अकराचे बारा करून देते म्हटलं. तिने मान हलवली. "राहू द्या. खाडाखोड तुम्हाले आवडत नाही." पत्राची घडी घालून तिने ते माझ्याच हातात ठेवलं. इथे कागद कोणी पाहत नाही, हात पाहतात, असं म्हणाली. तेवढ्यात फाटक उघडलं आणि ती लगबगीने गेली.

ओळ पुढे सरकली होती. तिची जागा भरली होती, म्हणून ती शेवटी उभी राहिली. पुढची एक बाई मागे वळून म्हणाली, "वाच वं आता दिवसभर कागद." दोघी-तिघी हसल्या, तीही हसली. मुकादम बोटाने मोजत आला. तिच्या आधीच्या बाईवर त्याचं बोट थांबलं आणि त्याने फाटक ओढून घेतलं.

ती माझ्याकडे न पाहता डाव्या हाताच्या रस्त्याने चालू लागली. मी गाडीने सोडते म्हणून हाक मारली. तिला ऐकू गेली असावी.